रात्रीच्या विजांचे फोटो: किती लांबून, कोणत्या क्रमाने आणि थांबायचं कधी

वळीव सुरू झाला की दरवर्षी तेच तीन फोटो फिरायला लागतात. एकात वीज म्हणजे नुसता पांढरा फटकारा, फांद्या सगळ्या उजेडात गेलेल्या. दुसऱ्यात काळ्याभोर आभाळाच्या तळाशी नखाएवढी रेघ. तिसऱ्यात वीज झकास, पण सगळंच धूसर. कॅमेरा तिन्ही वेळा चांगलाच असतो. घोळ अंतराचा असतो, फोकसचा असतो आणि शटरबद्दलच्या एका गैरसमजाचा असतो. तो गैरसमज सातव्या टप्प्यात सोडवू. तोवर क्रम मोडू नका, कारण अंधारात, वारा सुटलेला असताना कॅमेऱ्याचे मेन्यू शोधत बसणं हेच अर्ध्या चुकांचं मूळ आहे.

अमेरिकेतल्या मैदानी राज्यांतले वादळाचा पाठलाग करणारे व्हिडिओ पाहून निघू नका. तिथली सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी अवाढव्य वादळं कित्येक तास टिकतात आणि रस्ते सरळ असतात. आपल्याकडे वळवाचा एकटा ढग तयार होऊन, बरसून, विरेपर्यंत बहुधा अर्धा ते एक तास जातो. साठ किलोमीटरवर वीज चमकली म्हणून गाडी काढलीत, तर पोचाल तेव्हा तिथे फक्त ओला रस्ता असेल. आपल्याकडे चालतं ते असं: जागा आधी ठरवायची, आणि वादळ तिच्या टप्प्यात येत असेल तरच घराबाहेर पडायचं.

टप्पा १: हंगाम आणि दिवस

एप्रिल-मे, जूनचे पहिले दिवस, आणि मग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भात हाच काळ. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर आणि कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण विजा फार कमी. तेव्हा कॅमेरा कपाटातच राहू द्या.

दिवस ओळखायला सकाळची हवा बघा. कोरडा उन्हाळा आणि दमट उन्हाळा यांतला फरक अंगाला कळतो; आकड्यात हवा असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान, पाहा. पठारावर तो १८–२० अंशांच्या आसपास पोचला असेल आणि दुपारी कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे वाढत असतील, तर संध्याकाळ हाती लागण्याची शक्यता चांगली. हवामानाच्या अ‍ॅपवर ‘केप’ नावाचा आकडा दिसतो, म्हणजे ढग वर ढकलायला हवेत साठलेली ऊर्जा. तो हजाराच्या वर असणं बरं, पण ते नुसतं इंधन आहे, काडी कुणीतरी ओढावी लागते. केप भरपूर आणि आभाळ कोरडं, असे दिवस कितीतरी जातात.

टप्पा २: जागा दिवसा पाहून ठेवा

एकच जागा पुरत नाही. निदान दोन हव्यात, एक पूर्वेकडे उघडी आणि एक पश्चिमेकडे. दिवसा जाऊन चार गोष्टी बघा: क्षितिज किती मोकळं आहे, समोरून कुणाचे हेडलाइट येतील का, गाडी रस्त्यापासून पूर्ण बाहेर लावता येते का, आणि पक्की इमारत किती मिनिटांवर आहे.

पक्की म्हणजे वायरिंग आणि नळ असलेली, चारही बाजूंनी बंद इमारत. पत्र्याची शेड, टपरी, एसटीचा थांबा, देवळाचा उघडा सभामंडप यांनी पाऊस अडतो, वीज नाही. गच्ची तर नाहीच, बाल्कनीसुद्धा नको.

गड-किल्ल्यांचं काय? गड फोटोत घ्या, गडावर उभे राहू नका. सिंहगडावरचे टॉवर पायथ्याच्या बाजूने, लांबून, विजेखाली सुरेख दिसतात. त्याच गडाच्या तटावर तुम्ही ट्रायपॉड लावून उभे असाल, तर आजूबाजूच्यांत उंच वस्तू तुम्हीच. कासचं पठार, उजनीच्या काठचं उघडं माळरान, तलावाचा बांध या सगळ्यांचं तेच. क्षितिज जेवढं मोकळं, तेवढे तुम्ही उघडे.

मुंबई आणि कोकणात एक चूक हमखास होते. लोक समुद्राकडे तोंड करून बसतात. ऑक्टोबरमध्ये ढग दुपारी घाटमाथ्यावर चढतात आणि संध्याकाळी वारं पूर्वेकडून असेल तर किनाऱ्याकडे सरकतात. म्हणजे बघायचं असतं पूर्वेला. ठाण्याच्या खाडीकडे उघडणारी वरच्या मजल्यावरची खिडकी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यापेक्षा कामाची, आणि तुम्ही घरातही असता.

*तपासा:* गाडी उभी करायच्या जागेवर झाड, विजेची तार किंवा होर्डिंग आहे का? १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग पडून १७ जण गेले. वादळात पावसाच्या आधी वारा पोचतो.

टप्पा ३: अंतर आणि लेन्स एकत्र ठरवा

नखाएवढी रेघ येते ती इथे. वाइड लेन्स लावायची सवय आकाशगंगेच्या फोटोंतून येते, पण विजेचं गणित वेगळं आहे.

ढगाखालून जमिनीपर्यंतचा विजेचा दिसणारा भाग धरा दोन किलोमीटर. वीस किलोमीटरवरून तो जेमतेम सहा अंशांत मावतो. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स आडवी धरली तर चौकटीची उंची ५३ अंश भरते, म्हणजे वीज चौकटीच्या नवव्या हिश्शाएवढी. ५० मिमीवर ती पाचव्या हिश्शाएवढी होते, ८५ मिमीवर तिसऱ्या हिश्शाहून थोडी मोठी. एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर १८–५५ च्या किट लेन्सचं ५५ चं टोक जवळपास हेच काम करतं. वेगळी महागडी लेन्स घ्यायची गरज नाही.

जमिनीवर पडणाऱ्या विजेपेक्षा ढगातल्या ढगात चमकणाऱ्या विजा कितीतरी जास्त असतात. त्यांच्यासाठी अख्खा ढग हवा. वळवाचा उभा ढग बारा-चौदा किलोमीटर उंच जातो. पंचवीस किलोमीटरवरून तो सव्वीस ते एकोणतीस अंश होतो. ५० मिमी लेन्स आणि कॅमेरा उभा, म्हणजे ढग मावून खाली गावाचे दिवेही येतात. ढग आतून पेटतो तेव्हा कडांचे फुगवटे एकामागून एक वेगळे दिसतात, मागचे उजळ आणि पुढचे काळे. जमिनीवरची वीज नाही मिळाली म्हणून अशी रात्र वाया गेली असं मी मानत नाही.

म्हणून नेम धरायचा तो १५ ते २५ किलोमीटरवर. या अंतरावरून ढगाची पूर्ण उंची दिसते, पावसाचा पडदा आड येत नाही, लेन्स कोरडी राहते. दहा किलोमीटरच्या आत तुम्ही फोटोग्राफर राहत नाही, लक्ष्य होता.

टप्पा ४: सामान

यादी छोटीच आहे. ट्रायपॉड, मधल्या दांड्याला अडकवायला वजनाची पिशवी, इंटरव्हलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेणारं यंत्र; अनेक कॅमेऱ्यांत तो आतच असतो), दोन बॅटऱ्या, लेन्स हूड, तीन-चार मायक्रोफायबर कपडे, लाल उजेडाची हेडटॉर्च, प्लास्टिकची पिशवी, चिकटपट्टी. आणि दीड मीटर काळं कापड. ते कशाला, ते पुढे येईल.

कार्डाचा हिशेब करून ठेवा. १५ सेकंदांचं एक एक्सपोजर म्हणजे तासाला २४० फोटो. एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) ३० एमबीची धरली तर तासाला सात जीबी.

कार्बन फायबरचा ट्रायपॉड सुरक्षित असतो असं ऐकिवात असेल. कार्बन फायबरमधूनही वीज वाहते. ट्रायपॉड लाकडाचा असला तरी उघड्यावरचा माणूस उघड्यावरच असतो.

इशारा: दुचाकीवर जाऊ नका. हा सल्ला वाटाघाटीचा नाही. पत्र्याचं छत असलेली, काचा वर केलेली चारचाकी आसरा देते, कारण वीज बाहेरच्या धातूवरून जमिनीत जाते. रबरी टायरचा त्यात काही हात नाही, म्हणून दुचाकीचे टायर तुम्हाला वाचवत नाहीत.

टप्पा ५: घरून निघायच्या आधी कॅमेरा तयार करा

हे दिवसाउजेडी, टेबलावर करायचं.

१. मोड मॅन्युअल, फाइल रॉ.

२. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद. हे चालू राहिलं तर २० सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद काळी फ्रेम घेत बसतो. निम्म्या विजा तिथेच जातात. ‘नेमकी शटर बंद असताना चमकते’ ही तक्रार करणाऱ्यांनी हा मेन्यू आधी उघडून बघावा.

३. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, कारण कॅमेरा ट्रायपॉडवर आहे.

४. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास पक्का करा. ऑटोवर ठेवला तर प्रत्येक फोटोचा रंग बदलतो.

५. ड्राइव्ह कंटिन्युअस (लागोपाठ फोटो घेणारा), किंवा इंटरव्हलोमीटरमध्ये दोन फोटोंमधलं अंतर कॅमेऱ्याला चालेल तेवढं कमी.

६. स्क्रीनचा उजेड कमी करा. अंधारात झगझगीत स्क्रीनवर प्रत्येक फोटो उजळच वाटतो आणि घरी आल्यावर काळा निघतो.

टप्पा ६: निघायचं की नाही

तीन गोष्टी, याच क्रमाने.

आधी उपग्रहाचं चित्र. भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅटची इन्फ्रारेड चित्रं असतात. एक चित्र पाहून काही कळत नाही. लागोपाठची तीन-चार बघा. पांढरा ठिपका वाढतोय की पसरून फिका होतोय, आणि कुठल्या दिशेला सरकतोय. चित्रावरची वेळ यूटीसीमध्ये असेल तर साडेपाच तास मिळवा. हे विसरल्यामुळे विरलेल्या वादळाच्या दिशेने निघालेले लोक मला माहीत आहेत.

मग रडार आणि हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज.

शेवटी ‘दामिनी’ अ‍ॅप. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं हे अ‍ॅप तुमच्या आसपास पडलेल्या विजा दाखवतं आणि २० व ४० किलोमीटरच्या टप्प्यात इशारा देतं. आपल्या कामाला दोन्ही वर्तुळं सोयीची: ४० च्या आत विजा आल्या की तयारी, २० च्या आत येऊ लागल्या की आवराआवरीचा विचार.

ढग वाढतोय, त्याची वाट तुमच्या जागेच्या बाजूने जाते, आणि तुम्ही त्याच्याआधी अर्धा तास पोचता. तिन्ही गोष्टी जमत असतील तर निघा. ढग थेट तुमच्या जागेवर येत असेल तर दुसरी जागा धरा किंवा घरी राहा. वादळाच्या पुढ्यात उभं राहायचं नसतं, कडेला राहायचं असतं.

टप्पा ७: पोचल्यावर, याच क्रमाने

*पहिलं, लेन्स हवेला सरावू द्या.* एसी गाडीतून थंडगार लेन्स दमट हवेत काढली की काचेवर बाष्प धरतं. तिसऱ्या प्रकारच्या धूसर फोटोंपैकी बरेच यातलेच. शेवटची वीस मिनिटं एसी बंद ठेवून काचा उघड्या ठेवा.

*दुसरं, फोकस.* लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. बऱ्याच लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात. किलोमीटरभर लांबचा एखादा दिवा शोधा. मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा उत्तम. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं चालू दृश्य, दहापट मोठा करा. फोकस रिंग हळूहळू फिरवा: लाल गोळा लहान होत जातो, एका क्षणी टाचणीच्या टोकाएवढा होतो, आणि पुढे परत फुगायला लागतो. तिथून केसभर मागे या. मॅन्युअल फोकसवर टाका आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. झूम बदललात तर हे सगळं पुन्हा.

*तिसरं, उजेड.* आता तो गैरसमज. एक वीज, तिचे सगळे लागोपाठचे झोत धरूनही, बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदात संपते. शटर पाच सेकंद उघडं असो की तीस, विजेचा सेन्सरवर पडणारा उजेड तेवढाच. विजेचा उजेड ठरतो अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर. पहिलं म्हणजे लेन्समधल्या भोकाचा आकार, दुसरं म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता. शटरवर ठरतो तो आजूबाजूचा उजेड: गावाचे दिवे, चंद्र, ढगाच्या पोटावर पडलेली शहराची पिवळी झाक. वीज फार पांढरी आली म्हणून शटरची वेळ कमी करणारे विजा गमावतात आणि पांढरेपणा तसाच राहतो.

सुरुवात आयएसओ १०० वर करा. एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढं भोक लहान आणि उजेड कमी. वीस किलोमीटरच्या पुढे एफ/४ ते एफ/५.६. दहा ते वीसमध्ये एफ/५.६ ते एफ/८. त्याहून जवळ असाल तर एफ/११, आणि तेही खिडकीच्या आतून. नुसती ढगातली वीज असेल तर आयएसओ ४०० आणि एफ/४. शटर शहराजवळ ५ ते ८ सेकंद, अंधाऱ्या माळावर २० ते ३०.

*तपासा:* वीज न चमकलेला एक फोटो घ्या आणि हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख) बघा. आलेखाचा डोंगर डाव्या बाजूला हवा, पण भिंतीला चिकटलेला नको. चिकटला असेल तर शटरची वेळ वाढवा. मधोमध आला असेल तर कमी करा. अ‍ॅपर्चरला हात लावायचा नाही.

*चौथं, चौकट.* क्षितिज खालच्या चौथाईत. ढगाच्या ज्या भागात लागोपाठ चमकतंय तो मध्यावर घ्या, आणि ढग सरकतोय त्या बाजूला जागा सोडा.

टप्पा ८: चालू करा आणि गाडीत बसा

इंटरव्हलोमीटर सुरू झाला, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी घातली की बाहेर तुमचं काम नाही. आत बसा, काचा वर, दारं बंद. चमकली की बटण दाबू असं म्हणून बाहेर थांबणाऱ्याला वीज बहुधा हुलकावणी देते, कारण डोळ्याने बघून बोट हलेपर्यंत पहिला झोत होऊन गेलेला असतो.

कॅमेरा आतून लावायचा असेल तर ट्रायपॉड बुटका करून पुढच्या सीटवर ठेवा, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि ते काळं कापड कॅमेऱ्याच्या मागून काचेपर्यंत तंबूसारखं सोडा. डॅशबोर्डचा एक हिरवा दिवा झाकायचा राहिला तर तो प्रत्येक फोटोत ढगाच्या मध्यभागी येतो. इंजिन बंद ठेवा. त्याची थरथर ८५ मिमीवर दिसते.

दर दहा मिनिटांनी मागे वळून बघा. विरणाऱ्या वादळातून जमिनीलगत गार वारा सुटतो आणि तो वाटेत नवे ढग उभे करतो. समोरच्या ढगात गुंगलेल्या माणसाच्या डोक्यावर दुसरा तयार होतो तो असाच. गार झुळूक आली, धुळीचा वास आला, पाठीमागे तारे दिसेनासे झाले, यांपैकी काहीही झालं तर ट्रायपॉड आत.

अ‍ॅपर्चर बदलायचं ते फक्त वीज चमकलेला फोटो बघून. विजेचं खोड पांढरं आणि फांद्या दिसत असतील तर ठीक आहे. फांद्याही विरघळल्या तर एक स्टॉप बंद करा, म्हणजे उजेड निम्मा (एफ/५.६ वरून एफ/८). वादळ जवळ येतं तसं हे करावं लागणारच.

टप्पा ९: थांबायचं कधी

गडगडाट ऐकू आला की बाहेरचं काम संपलं. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. चमक आणि आवाज यांत तीस सेकंद म्हणजे वीज दहा किलोमीटरवर. पण मोजत उभं राहायला तुम्ही गाडीबाहेर असायलाच नको. वीज ढगापासून आडवी पंधरा किलोमीटर जाऊन तारे दिसत असलेल्या जागीही पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही.

चुका इथेच जास्त होतात, कारण पाऊस थांबलेला असतो आणि ढगाच्या मागच्या बाजूला लांबच लांब आडव्या विजा सरपटत असतात. दिसायला त्या सगळ्यात देखण्या. फोटो घ्या, पण गाडीतून.

गाडीत चार्जरची वायर लावलेला मोबाइल हातात धरू नका, धातूच्या भागांना टेकू नका. कॅमेरा बाहेर राहिला असेल तर राहू द्या, पिशवी आधीच घातलेली आहे.

आणि कुणावर वीज पडलीच, तर त्याच्या अंगात करंट राहत नाही. हात लावायला धोका नसतो. श्वास आणि नाडी नसेल तर तत्काळ छातीवर दाब देणं सुरू करा आणि १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा.

मोबाइल असेल तर

मोबाइलचं अ‍ॅपर्चर बहुतेक वेळा बदलत नाही, म्हणून सगळा ताबा आयएसओवर. प्रो मोड, आयएसओ ५० किंवा १००, शटर ४ ते ८ सेकंद, फोकस मॅन्युअल करून डोंगराच्या खुणेपर्यंत. मोबाइल खिडकीच्या आत छोट्या ट्रायपॉडवर ठेवा, टायमर दोन सेकंदांचा. नाइट मोड वापरू नका. तो अनेक फोटो एकत्र करताना वीज हललेली वस्तू समजून पुसून टाकू शकतो. विजा भराभर चमकत असतील तर फोर-के व्हिडिओ घेऊन त्यातली फ्रेम काढणं सरळ.

टप्पा १०: घरी आल्यावर

आधी पुसा. कॅमेरा पिशवीतून काढून बॅटरी आणि कार्डाची झाकणं उघडी ठेवा, सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर.

रिकामे फोटो लगेच उडवू नका. त्यातला एक, चौकट न हललेला आणि जमीन स्वच्छ आलेला, पुढे लागतो. संगणकावर हायलाइट खाली आणा, काळं थोडं गडद करा. क्लॅरिटी (कडा ठळक करणारी पट्टी) ओढू नका, ढगाच्या कडेला राखाडी प्रभावळ येते.

अनेक विजा एका फोटोत आणायच्या असतील तर त्याच चौकटीतले फोटो त्या रिकाम्या फोटोवर एकावर एक ठेवून ‘लाइटन’ मोडमध्ये (प्रत्येक जागी सगळ्यांतला उजळ भाग ठेवणारा) मिसळा. ‘स्टारस्टॅक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर तेच करतं. पाच-सहाच्या पुढे जाऊ नका. ढग सरकलेला असतो, त्याच्या कडा फिसकटतात. फोटो टाकताना किती मिनिटांच्या विजा एकत्र केल्या आहेत ते लिहा, आणि वेळ, दिशा व अंदाजे अंतरही. पुढच्या खेपेला अ‍ॅपर्चर ठरवताना स्वतःच्याच या नोंदी सगळ्यात आधी चाळाल.